तिरंदाजबाईच्या जिवाचा प्रश्न

बबडीची तिरंदाजबाई दुसऱ्या प्रकरणातच मेलेली होती, ही बातमी मला एका रविवारी सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना कळली. उरलेली अर्धी दाढी मी त्या दिवशी केलीच नाही.

आधीच सांगतो, खुद्द बबडी सुखरूप आहे. बबडी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. दोन विमानं बदलून जावं लागतं अशा शहरात ती नोकरी करते आणि वेळेवर जेवते असं फोनवर सांगते. तिरंदाजबाई म्हणजे तिची सोंगटी. करंगळीएवढी, हातात धनुष्य, डोक्यावर टोपी आणि टोपीत पीस. नोकरीवर रुजू होण्याआधीच्या सुट्टीत बबडीने शिवणयंत्राएवढं एक खोकं घरी आणलं. त्यात एक भुयार होतं, म्हणजे पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं, जोडत गेलं की टेबलभर पसरणारं. त्या भुयारात सगळ्यांनी मिळून उतरायचं, वाटेत भेटतील ते राक्षस फासे टाकून मारायचे, खजिना गोळा करायचा आणि एक प्रकरण संपलं की पुढच्यात शिरायचं. खेळणारे सगळे एका बाजूला आणि राक्षस दुसऱ्या. आमच्या घरात आम्ही तिघं एकाच बाजूला असल्याचा तो पहिला प्रसंग.

मला तिने ढालकरी दिला.

‘‘याने काय करायचं असतं?’’ मी विचारलं.

‘‘बाबा, तुम्ही फक्त पुढे उभं राहायचं आणि मार खायचा.’’

सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही. आईला तिने चेटकीण दिली. ही वाटणी बबडीने केली, मी नाही, हे मी तेव्हाही स्पष्ट केलं होतं आणि आजही करतो.

तर तीन प्रकरणं आम्ही धडाक्यात खेळलो. माझी बायको, जिला पत्त्यांतला गुलाम आणि राजा यांतला फरक मिशीवरून ओळखावा लागतो, ती तोंडाने मंत्र पुटपुटत राक्षस जाळत सुटली. चौथ्या प्रकरणात एका बंद दारापाशी पोचलो आणि बबडीची निघायची वेळ झाली. तिने सगळं भुयार उचलून खोक्यात भरलं, कोण कुठे उभं होतं त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, ‘‘हे दार मी आल्यावर उघडायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही.’’ मग तिने खोकं कपाटावर ठेवलं आणि ती गेली.

मूल गेल्यावर घर मोठं होतं असं म्हणतात. आमचं तेवढंच राहिलं, फक्त त्यात आवाज कमी झाले. न्हाणीघराच्या दारावर थापा मारायचं कारण उरलं नाही. मी आत गेलो तर हवा तितका वेळ बसू शकत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की मला तिथे तितका वेळ काही कामच नसतं.

रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

‘‘जेवण वगैरे ठीक?’’

‘‘हो. तुमचं?’’

‘‘ठीक. थंडी?’’

‘‘आहे.’’

‘‘स्वेटर?’’

‘‘घालते.’’

मग दोन्हीकडून थोडा श्वास ऐकू यायचा आणि मी फोन आईकडे द्यायचो. आई तोच मजकूर पुन्हा विचारायची, फक्त स्वेटरच्या जागी भाजी. एका रविवारी अशीच शांतता पडली असताना मला काही सुचेना, म्हणून मी विचारलं, ‘‘बबडे, त्या खेळात ढालकऱ्याला तिरकं चालता येतं का गं?’’

झालं! बबडी बोलायला लागली. तिरकं चालता येतं, पण कोपरा कापता येत नाही. कोपऱ्यात खांब असेल तर वेगळं. खांबामागे राक्षस असेल तर त्याहून वेगळं. मध्ये ती हसली. मागच्या वेळी आईने चेटकीण भिंतीतून चालवली होती, आठवतंय का, असं म्हणाली. तिच्या मागे कुठेतरी भांडी वाजत होती, कुणीतरी तिला हाक मारत होतं, आणि ती त्याला थांबवून माझ्याशी बोलत होती.

त्या दिवसापासून मी खोकं खाली काढून नियमांचं पुस्तक अभ्यासाला घेतलं. दर रविवारी एक शंका. शंका सगळ्या खऱ्या होत्या असा माझा दावा नाही. काही मला बसमध्ये मुद्दाम तयार कराव्या लागत. मेलेल्या राक्षसाचं जागेवरचं भाडं कुणी भरायचं इथपर्यंत मी पोचलो, तेव्हा बबडी म्हणाली, ‘‘बाबा, कंपनीने दुरुस्त्या आणि खुलासे असं सगळं एकत्र छापून ठेवलंय. मी पाठवते. त्यातही नाही सापडलं तर सरळ त्यांनाच विचारा ना! मला आत्ता मीटिंग आहे.’’

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार व दुरुस्ती कक्षात आहे. ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे’ हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना लिहिलं असेल, देव जाणे. ते ऐकताना आत कसं होतं हे मला प्रथमच कळलं.

दुरुस्त्या आल्या. नियमांचं पुस्तक पातळ होतं, दुरुस्त्या जाड. आमच्या खात्याच्या परिपत्रकांवर पोसलेला माणूस मी, पण तरी मला आदर वाटला. ‘पान बारावर जिथे शेजारील असा शब्द आहे, तिथे शेजारील नसलेला असे वाचावे.’ ‘वटवाघूळ हा राक्षस समजावा, परंतु जिन्यावर असताना समजू नये.’ ‘मेलेला राक्षस हल्ला करत नाही.’ हा शेवटचा खुलासा कुणाच्या प्रश्नावरून करावा लागला असेल, तो माणूस मला भेटावासा वाटला. कागद आरशाला टेकवून मी दाढी करत वाचत होतो, आणि तिथेच ती दुरुस्ती आली. ‘भाल्याच्या सापळ्याची जखम चिलखत वजा न करता मोजावी.’

दुसऱ्या प्रकरणात तिरंदाजबाई भाल्याच्या सापळ्यात पडली होती. तीन जखमा झाल्या. चिलखताने दोन अडवल्या म्हणून आम्ही एकच मोजली होती. तिच्याकडे जीव शिल्लक होते दोन. मी वस्तरा खाली ठेवला. हिशेब बोटांवर केला, मग कागदावर केला, मग फेस वाळला.

बाहेर येऊन मी हिला हळूच सांगितलं.

‘‘कोण मेली?’’ हिच्या हातातून चमचा पडला.

‘‘तिची सोंगटी गं. नियमाप्रमाणे.’’

‘‘घरात असलं अभद्र बोलू नका.’’

‘‘मी बोलत नाही, कंपनी बोलते.’’

‘‘कंपनीला काय जातंय बोलायला? त्यांची आहे का ती?’’ आणि थोडं थांबून, ‘‘तिला सांगायचं नाही हं काही. एवढ्या लांब एकटी आहे.’’

थोड्या वेळाने फोन आला. ‘‘काय विशेष?’’ बबडीने विचारलं. ‘‘काही नाही, सगळे मजेत आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘सगळे म्हणजे? तुम्ही दोघंच तर आहात,’’ ती म्हणाली. मी फोन घाईने हिच्याकडे दिला.

आता पुढच्या सुट्टीत बबडी येणार, दार उघडायला बसणार, आणि बसणार कोण, तर जी कायद्याने हयातच नाही ती. गप्प बसावं, तर माझ्या उभ्या नोकरीत मी चुकीचा मीटर चालू दिलेला नाही. सांगावं, तर सगळं पहिल्यापासून खेळावं लागणार, आणि तिच्या चार दिवसांच्या सुट्टीत तिसऱ्या प्रकरणापर्यंतही मजल जायची नाही. ते दार तसंच राहणार. मी अस्वस्थ झालो, आणि अस्वस्थ माणसाने जिन्यात उभं राहू नये, ते मी राहिलो.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. निवृत्तीपासून त्यांचा एकही युक्तिवाद कुणी शेवटपर्यंत ऐकलेला नाही. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि प्रकरण काढून घेतलं. सगळं ऐकल्यावर डोळे मिटून ते म्हणाले, ‘‘दुरुस्तीची तारीख काय?’’

‘‘मृत्यूनंतरची.’’

‘‘मृत्यू म्हणू नका, तोच तर वादाचा मुद्दा आहे. पूर्वलक्षी प्रभाव! दुरुस्ती मागच्या घटनेला लागू करता येत नाही. बाई जिवंत आहे. मी लिहून देतो.’’

एवढ्यात समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जिना चढून आल्या. ‘‘कोण बाई?’’ त्यांनी विचारलं. त्यांनाही सांगावं लागलं. ‘‘भाला कुठे लागला होता?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोटात असेल तर अवघड आहे. दंडाला असेल तर माणूस सहज वाचतो.’’ मग दोघांचं जुंपलं, आणि मी मधल्या पायरीवर हातात पिशवी घेऊन उभा. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला माहीत झालं की वरच्यांच्या मुलीच्या जिवाचा काहीतरी प्रश्न आहे. दोन जणी तर डोळे पुसतच वर आल्या. हिने त्यांना चहा दिला, प्लास्टिकची बाई दाखवली, आणि त्या निघून गेल्यावर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शेवटी कंपनीला लिहायचं ठरलं. मसुदा वकिलांनी केला. तो इतका कडक होता की वाचून मलाच दंड होईल असं वाटलं. मी तो मवाळ केला. डॉक्टरीणबाईंनी त्यात जखमेचं वर्णन घातलं. उत्तर आलं, आणि ते वाचून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. त्यांच्याकडेही आमच्यासारखाच कुणीतरी बसलेला असणार. ‘आपला प्रश्न मिळाला. खोक्याच्या तळाशी असलेला आवृत्ती क्रमांक कळवल्याशिवाय पुढील कार्यवाही करता येणार नाही.’

खोक्याचा तळ बघितला. तळाला निळ्या फुलांचा कागद होता.

‘‘झुरळं होतात म्हणून लावला मी,’’ ही म्हणाली. ‘‘चांगला घट्ट लावलाय.’’

घट्ट होता खरा. पाण्याने निघेना, वाफेने निघेना. शेवटी डॉक्टरीणबाई आपली हत्यारं घेऊन आल्या, डोक्याला दिवा लावला, तोंडाला फडकं बांधलं आणि दात कोरायच्या आकड्याने तळ खरवडायला बसल्या. सवयीने मधूनमधून ‘‘दुखतंय का?’’ विचारायच्या. वकील शेजारी उभे राहून ‘‘पुराव्याला धक्का लागता कामा नये’’ असं बजावत होते. क्रमांक अखेर दिसला, पण त्यातला एक आकडा तीन आहे की आठ, यावर दोघांचं पुन्हा जुंपलं. आम्ही दोन्ही कळवले.

पुढचं उत्तर सविस्तर आलं. आपली आवृत्ती सदोष असल्याने दुरुस्त पत्त्यांचा आणि सोंगट्यांचा संच पाठवत आहोत. आपला मूळ प्रश्न गंभीर असल्याने तो नियम समितीपुढे ठेवला असून तिचा निर्णय संचासोबत मिळेल. बबडीची सुट्टी मंजूर झाल्याचा फोन त्याच आठवड्यात आला. चार दिवस. हिने तिची खोली झाडली, पलंगावर नवी चादर घातली, मग ती काढून जुनी घातली, कारण तिला जुनीच आवडते.

संच काही येईना. त्याऐवजी परदेशी टपालाच्या कार्यालयातून चिठ्ठी आली की समक्ष येऊन खुलासा करावा. मी अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीपलीकडचे साहेब पुडक्यावर लिहिलेला तपशील वाचत होते, आणि आवाज असा की मागची सगळी रांग ऐकत होती.

‘‘राक्षस, दुरुस्त केलेले, एक डझन. तुमचे?’’

‘‘हो. म्हणजे मुलीचे.’’

‘‘कशासाठी लागतात?’’

‘‘घरगुती वापरासाठी.’’ घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही.

‘‘शस्त्रे, सुधारित. विष, एक पुडी.’’ साहेबांनी चष्मा काढला. ‘‘विष कशाला?’’

‘‘ते बाणांना लावायचं असतं.’’

रांग दोन पावलं मागे सरकली. मागे कुणीतरी ‘‘साहेब, तुम्ही?’’ असं म्हणालं. वळून बघतो तर आमच्याच कक्षातला टंकलेखक. तो नजर चुकवायला शिकलेला नाही. मी शक्य तितक्या प्रतिष्ठेने सांगितलं की राक्षस पुठ्ठ्याचे असतात, विष म्हणजे हिरव्या रंगाचे ठोकळे, आणि बाई दुसऱ्या प्रकरणात मेलेली असू शकते म्हणून हा सगळा खटाटोप. ‘‘म्हणजे बाईसुद्धा मेली आहे?’’ साहेबांनी खिडकी बंद केली आणि आत जाऊन आणखी दोघांना घेऊन आले. पुडकं फोडलं गेलं. तिघांनी मिळून राक्षस मोजले. एक जास्त निघाला. जास्तीच्या राक्षसाचं काय करायचं याचा नियम त्यांच्याकडे नव्हता, म्हणून मला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या दिवशी मोजले तेव्हा बरोबर भरले, कारण आदल्या दिवशी वटवाघूळही धरलं होतं. मला हसू आलं, पण वटवाघूळ जिन्यावर नव्हतं एवढंच मनात म्हणून मी सही केली. कचेरीत पोचलो तर टंकलेखकाने सर्वांदेखत विचारलं, ‘‘साहेब, राक्षस सुटले का?’’

संचात समितीचा निर्णय होता. आम्ही चौघांनी तो जेवणाच्या टेबलाभोवती उभं राहून वाचला. ‘दुरुस्ती ही खेळाडूंनी वाचली त्या दिवसापासून लागू होते. त्याआधी चुकीने जिवंत धरलेले पात्र जिवंतच धरावे. आपल्या मुलीला शुभेच्छा.’ वकिलांनी ‘‘पूर्वलक्षी प्रभाव!’’ असं ओरडून टेबलावर मूठ मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘दंडालाच लागला असणार.’’ ही आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बघायला गेलो तर पदराने तिरंदाजबाईची टोपी पुसत बसली होती.

बबडी आली. केस कापले होते. विमानतळावर मी एका दुसऱ्याच मुलीकडे बघत होतो आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. घरी आली, आंघोळ केली, ‘‘पाच मिनिटं पडते’’ म्हणाली आणि पहिला दिवस झोपेत गेला. आम्ही दोघं घरभर चवड्यांवर चालत होतो. दुसरा दिवस मैत्रिणींचा. तिसरा बँकेचा, कागदपत्रांचा, आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तिची दाढ भरली. मध्येच ती ‘‘आमच्याकडे असं नसतं’’ असं म्हणायची, आणि आमच्याकडे म्हणजे कुठे, ते कळायला मला क्षणभर लागायचं. खोकं कपाटावरून खाली काढून मी दिसेल असं ठेवलं होतं. तिने त्यावर पर्स ठेवली. माणूस थकलेला असतो.

चौथ्या दिवशी दुपारी तिची बॅग भरून झाली. गाडी यायला अजून वेळ होता. पर्स उचलताना ती थबकली.

‘‘बाबा, हे खाली काढलंय? आपण दार उघडायचं राहिलंच की!’’

मी ‘‘बघ बुवा, तुला वेळ असला तर’’ असं म्हणेपर्यंत हिने टेबलावरची ताटं उचललीसुद्धा. भुयार मांडून झालं, तोच दारावर टकटक झाली. वकील आणि डॉक्टरीणबाई, दोघंही ठेवणीतल्या कपड्यांत. ‘‘आम्ही फक्त बघणार,’’ वकील म्हणाले आणि मधोमध खुर्ची ओढून बसले.

बबडीने फासे हातात घेतले आणि खालचा ओठ दाताखाली धरला. लहानपणापासून असंच करते. केस कापले तरी ते राहिलं होतं. मी ढालकरी पुढे घातला आणि दार ढकललं. आत दगडी राक्षस, नवा, दुरुस्त केलेला. त्याने पहिल्याच फटक्यात मला भिंतीवर आपटलं. मी नेमाप्रमाणे मार खाल्ला. चेटकीण उत्साहाच्या भरात आत धावली आणि कोपऱ्यात सापडली.

‘‘आई, कशाला गेलीस एकटी!’’

‘‘मला काय माहीत तो वळतो ते!’’

‘‘थांब, मी येते.’’

बबडीने तिरंदाजबाई उचलली आणि दारात आणून उभी केली. तिथून तिने बाण मारला. राक्षस चेटकिणीला सोडून दाराकडे वळला. हिने ‘‘अगंबाई’’ म्हणून तोंडावर हात ठेवला. राक्षसाचे फासे मी टाकायचे होते. मी टाकले. इतके चांगले फासे मी माझ्या बाजूने आयुष्यात कधी टाकले नव्हते.

‘‘किती झाल्या जखमा?’’ हिने विचारलं.

जखमा मोजायची गरज नव्हती.

‘‘पण ती दारात उभी आहे,’’ ही म्हणाली. ‘‘चौकटीच्या आड आहे ना ती? आडोसा असला की एक जखम कमी धरतात. बबडीनेच सांगितलं होतं. आहे ना आडोसा?’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गेले कित्येक महिने मी त्या दुरुस्त्या पाठ करत होतो. दारात उभ्या असलेल्या पात्राला आडोशाचा फायदा मिळत नाही. ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून. त्यात स्वल्पविराम नाही, अपवाद नाही, आवृत्तीचा प्रश्न नाही, आणि हा नियम मी वाचून कैक दिवस झाले होते. बाहेर रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

‘‘हा नियम,’’ मी घसा साफ केला, ‘‘संदिग्ध आहे.’’

‘‘संदिग्ध कुठे?’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘अहो, मीच परवा वाचला तो, सरळ लिहिलंय की—’’

‘‘डॉक्टर,’’ वकील म्हणाले, ‘‘तुम्ही दातांपुरतं बोला.’’ मग त्यांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला, त्या ओळीवरून बोट फिरवलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. आयुष्यभर शब्दावर बोट ठेवून जगलेला माणूस. त्यांनी बबडीकडे बघितलं, तिच्या दारातल्या बॅगेकडे बघितलं, आणि कागदाची घडी घातली. ‘‘दोन अर्थ निघतात. निदान दोन. मी न्यायाधीश असतो तर निकाल राखून ठेवला असता.’’

‘‘कंपनीला विचारावं लागेल,’’ मी म्हणालो. ‘‘उत्तर येईपर्यंत कुणी कुठे हलायचं नाही.’’

बबडी माझ्याकडे बघत होती. हे सगळं मला कुणी शिकवलं? तिनेच. तिला तो नियम माहीत नसेल, हे शक्य नव्हतं. भोंगा पुन्हा वाजला. तिने खालचा ओठ सोडला.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘विचारायलाच हवं. अवघड आहे हे.’’ मग पर्स खांद्याला लावून, ‘‘उत्तर यायला वेळ लागत असेल ना?’’

‘‘लागतो. समितीपुढे जातं.’’

‘‘मग मी येईपर्यंत येईल.’’

तिने आईला मिठी मारली, मला मारली, डॉक्टरीणबाईंनी त्या बाजूने चावू नकोस म्हणून सांगितलं, वकिलांनी बॅग उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आम्ही चौघं वर आलो. कुणाला घरी जायची घाई नव्हती.

‘‘मसुदा करू का?’’ वकिलांनी विचारलं.

‘‘करू की. एवढी घाई काय आहे?’’

‘‘नाही, घाई काहीच नाही,’’ ते म्हणाले.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर भुयार आहे. आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलांवर बसून जेवतो. पाहुणे आले की त्यांनाही तिथेच. हिने डॉक्टरीणबाईंकडून एक बारीक ब्रश मागून घेतला आहे. त्याने ती रोज सकाळी राक्षसांवरची धूळ काढते, माझ्या ढालकऱ्याला बहुधा विसरते, आणि दाराजवळ पोचली की श्वाससुद्धा रोखून धरते. मी मदतीला गेलो तर हात झटकून टाकते.

परवाच्या रविवारी फोन आला. जेवण, थंडी, भरलेली दाढ, सगळं झालं. मग मी सवयीने फोन हिच्याकडे द्यायला निघालो.

‘‘बाबा, आलं का कंपनीचं उत्तर?’’

‘‘अजून नाही गं.’’

‘‘बरं.’’ तिच्या मागे आज आवाज नव्हते. ‘‘ती अजून तिथेच उभी आहे ना?’’

मी मान वळवून टेबलाकडे बघितलं.

‘‘दारातच आहे,’’ मी म्हणालो.